जावयाचे बिनगुळाचे धोंडे

मला शुगर नाही. हे वाक्य मी आखाडा बाळापुरात एका दिवसात इतक्यांदा बोललो, की संध्याकाळपर्यंत माझाच माझ्यावरचा विश्वास उडाला!

झालं असं. गेल्या धोंड्याच्या महिन्यात सासरवाडीचं बोलावणं आलं. आमच्याकडे अधिक महिन्यात जावयाला धोंडे खाऊ घालतात. धोंडे म्हणजे कणकेत पुरण भरून तळलेले गोळे, वरून तुपाची धार. पण आमच्या खानदानात पहिला बी.एस्सी. मी! (बाकीचे दहावीच्या अलीकडंच उतरले.) आपण शिकलो ते चार लोकांना कळायला नको? म्हणून मी सासूबाईंना फोन लावला.

"मामी, धोंडे करा, पण जरा हेल्दी. गूळ नको, तूप नको, तळण नको. कणकेऐवजी जवारीचं पीठ घ्या, अन् पुरणात दुधी किसून घाला. मग उकडा."

तिकडून हळूच आवाज आला, "बरं, जावईबापू. पण... तब्येत बरी हाय ना तुमची?"

"एकदम बरी!" इथंच फोन ठेवायचा होता. पण मी पुढं म्हणालो, "अन् बरी आहे तोवरच काळजी घ्यावी, काय?"

पोचलो तर अंगणात अर्धी गल्ली. मला वाटलं, जावयाला बघायला आलेत. आलेच होते. पण लग्नात बघतात तसं नाही, दवाखान्यात बघतात तसं!

"लईच वाळले बिचारे," एक म्हातारी म्हणाली. (लग्नापासून माझ्या पँटी दोनदा उसवून झाल्यात.)

शेजारच्या तात्यांना खरीखुरी शुगर. आपलं माणूस सापडल्यासारखे ते जवळ सरकले. "कवापासून हाय?"

"मला शुगर नाही, तात्या."

"मी बी सुरवातीला असंच म्हणायचो."

मी बायकोला, शीतलला, आतल्या खोलीत गाठलं. ती आधीच तापलेली. "काहून सांगितले तसले धोंडे? बाबाच्या गळ्याखाली घास उतरून नाही राहिला. पोरगी दुखणाईताला दिली म्हणतेत."

"मग तू सांग ना त्यांना!"

"सांगितलं! तर म्हणे, लेकरा, तू नवऱ्याचं झाकून राहिली."

पानं वाढली. सगळ्यांच्या पानात सोनेरी, तुपात न्हालेले धोंडे. माझ्या पानात राखाडी, भेगाळलेले गोळे. मी एक तोडायला गेलो. तुटेना. (पदार्थ नावाला जागला होता.) दातानं तुकडा काढला, तर आतून दुधीचं पाणी मनगटापर्यंत! समोर मामी तोंडाला पदर लावून उभ्या.

"मस्त झालेत, मामी."

त्यांनी आणखी दोन वाढले.

शेजारी सासरे, म्हणजे मामा. त्यांनी पानाला हात लावला नव्हता. माझ्याकडं न बघता म्हणाले, "जावईबापू, खरं सांगा. आमी काई म्हणणार न्हाई. इलाज करू, तकलीफ होऊ देणार न्हाई. फक्त लपवू नका."

अन् त्यांचे डोळे भरले. मी हातातला जवारीचा गोळा खाली ठेवला. शहाणपणा मिरवायला गेलो अन् एका बापाची झोप उडवली! आता बोलून उपयोग नव्हता. पुरावा द्यायला पाहिजे होता.

"मामी, तुपातले वाढा!"

एक खाल्ला. दुसरा खाल्ला. गल्ली श्वास रोखून बघत होती. "बघा मामा, काही होतंय का?" तिसरा. चौथा. पुढचे मोजायचं काम गल्लीनं हाती घेतलं. शेवटी मामांच्या चेहऱ्यावर हसू उमटलं, त्यांनी पहिला घास उचलला. जिंकलो!

तेवढ्यात तात्या घरी जाऊन साखर मोजायचं मशीन घेऊन आले. "एकदा बोट द्या. समद्यांच्या मनातलं निघून जाईल."

गळ्यापर्यंत पुरण खाऊन लगेच तपासलं तर काय होतं, हे बी.एस्सी. झालेल्या माणसाला ठाऊक असायला हवं. मी ऐटीत बोट पुढं केलं!

मशीन वाजलं. तात्यांनी आकडा पाहिला, चष्मा पुसून परत पाहिला, अन् मोठ्या आदरानं म्हणाले, "माझ्याहून जास्त हाय."

मामींनी हंबरडा फोडला. मामांनी घास खाली ठेवला.

"जेवल्यावर वाढतेच ती! उपाशीपोटी बघायची असते!" मी ओरडलो.

"व्हय, व्हय," म्हणत प्रत्येकानं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी मला उपाशीपोटी मोटरसायकलवर हिंगोलीच्या दवाखान्यात नेलं. प्रत्येक खड्ड्याला गाडी इतकी हळू करत, जणू मागं मी नाही, अंड्याचा ट्रे बसलाय. रक्त दिलं. रिपोर्टची वाट बघत मामा टोपी मांडीवर ठेवून बसले. मलाही घाम फुटला. सारखी तहान लागत होती, पायाला मुंग्या येत होत्या. तात्यांनी सांगितलेलं एकूण एक लक्षण मला होतं!

रिपोर्ट आला. सगळं नॉर्मल.

मामांनी डॉक्टरांकडून ते दोनदा वदवून घेतलं. माझा हात घट्ट धरला, अन् तिथूनच मामींना फोन लावला. "न्हाई! शुगर न्हाई! काईच न्हाई जावयाला!"

बाकावरचे सगळे पेशंट ऐकत होते. मामींचाही आवाज बाहेरपर्यंत येत होता. "मग तसले धोंडे काहून मागितले त्यायनं?"

मामांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग फोनला हाताचा आडोसा करून, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाले, "आता काय सांगू... शिकलेले हायत."