लांडग्याच्या बाजूने

इंग्रजीचे एक अक्षर न कळणारा माणूस गावोगाव इंग्रजी सिनेमे समजावून सांगत असेल, तर त्याला तुम्ही थापाड्या म्हणाल की कलावंत? मी थापाड्या म्हणत होतो, तेही लोकांनी खरे बोलावे म्हणून मी वाटत असलेल्या छापील पत्रकातून. तो माझा सख्खा मामा होता, आणि अख्ख्या नगर जिल्ह्यात त्याच्याइतके बेधडक खोटे कोणीच बोलत नव्हते.

फिरत्या तंबूत पडद्याशेजारी स्टुलावर उभे राहायचे, तोंडाला पत्र्याचा कर्णा लावायचा आणि पडद्यावर काय चालले आहे ते लोकांना सांगायचे, हा त्याचा धंदा. ती सवय अंगात अशी मुरलेली, की एसटीत कंडक्टर-ड्रायव्हर भांडले तरी हा मागच्या बाकांना भांडणाचे कारण समजावून सांगे, आणि ते दोघे भांडण थांबवून ऐकत बसत. मामीने ताट आदळले की पंगतीला सांगे, "आता ही म्हायेर काढणार," आणि मामी हटकून काढी.

गेल्या उन्हाळ्यात श्रीगोंद्याच्या अलीकडे, पाझर तलावाच्या दुष्काळी कामाजवळ तंबू लागला. मालकाने मामाला बजावले होते, की लोकांना आता हिंदी गाणी हवीत, सांगणारा नको. हा शेवटचा इंग्रजी खेळ; लोक मधेच उठले, तर उद्यापासून घरी बसा. आणि खेळ तरी कसला? उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातल्या देवांची नुसती धमाल! बोकडांच्या गाडीतून गडगडत हिंडणारा दाढीवाला देव, त्याचा हातोडा पळवणारा राक्षस, आणि तो परत आणायला नवरीच्या वेषात निघालेला तोच दाढीवाला. दिवसभर खडी फोडणाऱ्यांना असल्या देवांच्या गमती दाखवता? मी निषेधाची पत्रके घेऊन तंबूत शिरलो. मामा म्हणाला, "भाचेबुवा, तुमचं पत्रक वाचून आजवर एक तरी मानूस हसला का?"

खेळ सुरू झाला. मामाने हातोड्याचा घण केला, राक्षसाचा मुकादम केला. कपटी देव आल्यावर तो एवढेच म्हणाला, "हा भावकीतला," आणि पुढे काही सांगावेच लागले नाही. नवरी झालेल्या देवाने लग्नघरात आठ मोठे मासे फस्त केले, तेव्हा "लाजतीया, म्हनून आठच," असे त्याने सांगितले आणि बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. पत्रके ढुंगणाखाली घेऊन मीही हसत होतो.

मग एक प्रचंड लांडगा आला, सूर्याला गिळायला. गोऱ्या प्रेक्षकांनी इथे डोळे झाकले असतील. आमचा तंबू उठून उभा राहिला! मालकाने कपाळाला हात लावला. पण लोक घरी निघाले नव्हते. ज्या सूर्याने त्यांना दोन वर्षे भाजले होते, त्याच्यावर धावणाऱ्या लांडग्याला ते ओरडून सांगत होते, "गिळ रं बाबा, समदा गिळ!" आल्या क्षणापासून लांडग्याला शिव्या घालणारा मामा क्षणात फिरला. "ह्यो आपलाच हाय," त्याने कर्ण्यातून जाहीर केले. सूर्य गेला. शिट्ट्यांनी कनात हलली.

त्या अंधारात एका बाईने विचारले, "दादा, मंग तिकडं पाऊस पडला का न्हाई?"

मामाने वळून पडद्याकडे पाहिले. आणि खरे बोला म्हणून गावभर पत्रके वाटणाऱ्या मला मनापासून वाटले, की आता याने खोटे बोलावे. मामाने कर्णा खाली ठेवला. "ते मला ठाव न्हाई, बाई. पडद्यावर हिरवं दिसतंय, तेवढं खरं."

पडद्यावर समुद्रातून हिरवी जमीन वर येत होती. रीळ संपेपर्यंत सगळे नुसते तिच्याकडे पाहत राहिले.

"लोक उठले होते," एवढे म्हणून मालकाने दुसऱ्या दिवशी मामाला घरी पाठवले. आता तो ओसरीवर बसतो. मामीने ताट आदळले तरी काही सांगत नाही.

माझी तुमच्याकडे एकच मागणी आहे. तुमच्या गावी तंबू लागला, तर तिकीट काढण्याआधी मालकाला विचारा, सांगणारा कुठे आहे? तो नसेल, तर रांगेतून बाहेर या.