हात मांडीवर

माझ्या वहिनीचे हात स्वस्थ बसत नाहीत. लालबागच्या आमच्या दोन खोल्यांत मी चपात्या लाटायला बसले, की दुसऱ्याच चपातीला तिचे हात शिवशिवायला लागणार आणि लाटणं माझ्या हातून जाणार. "सरक गं, तुझ्या चपात्यांची वाट बघत बसले तर ड्युटी हुकेल माझी." परळला हॉस्पिटलात ती स्टाफ नर्स. लग्न होऊन आली तेव्हापासून मी तिला धावतानाच बघितलीय.

एक दिवस जेवताना तिनं सांगून टाकलं, की ती पुन्हा शिकायला जाणार. बाळंतपणातलं पुढचं शिक्षण, नर्स प्रॅक्टिशनर म्हणतात. माझी आई मालवणकडची, तोंडानं फटकळ. म्हणाली, "एवढा शिकान शेवटाक सुईणच होतलंस?"

"सुईणच," वहिनी म्हणाली. "पण आजवर डॉक्टर सांगतील ते मी करायचे. आता सगळं सरळ असेल तर बाळंतपण मी बघायचं, आणि डॉक्टरांना कधी बोलवायचं तेही मीच ओळखायचं."

आईनं तिच्या ताटात आणखी भात वाढला आणि विषय संपवला.

मग घरात प्लॅस्टिकचा कमरेचा सांगाडा आला, त्यातून फिरवून बाहेर काढायला कापडी बाळ आलं. दोघांचा मुक्काम फ्रिजवर, मसाल्याच्या बरणीशेजारी. पाहुणे दचकायचे. वहिनी पुस्तकं तर फडाफड वाचायची, पण तिचं घोडं अडलं भलत्याच ठिकाणी. तिच्या बाई म्हणायच्या, कळा नीट चालू असताना उगाच हात घालायचा नाही. बघायचं, ऐकायचं, थांबायचं. आता हिला थांबायला कोण शिकवणार!

तिनंच उपाय काढला. आई तांदळाची भाकरी थापायला बसली, की ही समोर पाटावर, दोन्ही हात मांडीवर. भाकरी कडेला चिरायची, वहिनीची बोटं वळवळायची, पण हात उठायचे नाहीत. "माजी परीक्षा घेतंस काय?" म्हणून आई करवादायची. मी तर पोट धरून हसायचे.

पुढे माझं लग्न झालं, वहिनीचं शिक्षणही पुरं झालं. माझे दिवस भरत आले तेव्हा ते हसू कुठल्या कुठे पळालं. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आले होते, पण त्याआधीचं एक तिसऱ्या महिन्यातच गेलं होतं. हे मला हवं होतं. बस्स, काहीही करून हवं होतं. वहिनीच्याच हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी तपासलं, सगळं ठीक आहे म्हणाले, तुमच्या वहिनीच बघतील म्हणाले. मला मात्र मोठा डॉक्टरच हवा होता.

वहिनीनं मला गॅलरीत गाठलं. "डॉक्टर भिंतीपलीकडेच असतात गं. तरी मी नको असेन तर तसं सांग. मनात काही ठेवणार नाही." मी तूच बघ म्हटलं, पण अर्ध्या मनानं. आई आतून सगळं ऐकत होती.

कळा सुरू झाल्यावर हॉस्पिटलात वहिनीनं मला चालवलं, पाठ चोळून दिली, घोट घोट पाणी पाजलं. थोड्या थोड्या वेळानं बाळाचे ठोके ऐकायची आणि मलाही ऐकवायची. आणि मग बसायची स्टुलावर, हात मांडीवर ठेवून. माझं डोकंच फिरलं. "अगं, बसलीस काय अशी? काहीतरी कर ना! डॉक्टरला बोलव!"

"ठोके मस्त आहेत. तू बरोबर करतेयस. मी इथंच आहे."

जन्मात कुणाला दिल्या नाहीत अशा शिव्या मी तिला दिल्या. आणि मधेच माझं लक्ष तिच्या बोटांकडे गेलं. वळवळत होती, भाकरीसमोर वळवळायची तशीच. ही बाई माझ्यासाठी थांबलीय आणि ते थांबणं तिला किती जड जातंय, ते मला तिथं दिसलं. त्यानंतर मी डॉक्टरचं नाव काढलं नाही.

डोकं बाहेर आलं तशी ती म्हणाली, "आता जोर नको, नुसती फुंकर मार." बाळाच्या गळ्याभोवती नाळेचा वेढा होता. हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त तिचे हात उठलेले दिसले. घाई नाही, ओढाताण नाही. वेढा अलगद डोक्यावरून काढला. बाळ आलं आणि गप्पच. तिनं फडक्यानं पाठ चोळली, पुन्हा चोळली, आणि पोरगी अशी कोकलली की मीही तिच्याबरोबर भोकाड पसरलं. काय बाई आहे ही! मला तिचा अभिमान वाटला, आजही वाटतो.

आई वॉर्डात आली. नातीला दुपट्यात गुंडाळायला गेली, पण जमेना. एक टोक बसवलं की दुसरं सुटायचं. वहिनी शेजारीच बसली होती, हात मांडीवर ठेवून.

आईनं मान वर न करता दुपटं तिच्यापुढे सरकवलं. "हात बांधून कित्या बसलंस गो? घे तेका. पयलो हात तुजोच लागलो."