घरट्याशेजारचा तक्ता

चष्मेवाल्यांनी चाळीस वर्षं समोर बसलेल्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: "आता बरं दिसतंय, की मघाशी बरं दिसत होतं?" अशा माणसाला कॅमेरा विकायचा म्हणजे दुकानदाराची साडेसातीच.

कॅमेरा हवा होता बायकोसाठी. खुब्याचं हाड मोडून ती महिनाभर पलंगावर होती. मागच्या अंगणातल्या झुडपात बुलबुलानं घरटं केलं होतं, पण खिडकीतून तिला नुसती पानं दिसत. "अहो, अंडी घातलीत म्हणता, मग तिचं तोंड तरी दाखवा मला," असं ती रोज म्हणे. मोबाइलवर काढलेल्या फोटोत पक्षी कुठला आणि पान कुठलं, हे बोटानं दाखवावं लागे.

"काका, हा घ्या. वापरलेला आहे, पण झूम दांडगा. नव्याच्या निम्म्या किमतीत," दुकानदार म्हणाला.

"लाल रंग जरा फिका येतो."

"पक्षी तक्रार करणार आहे का?"

शेवटी कंटाळून त्यानं दोन जुने कॅमेरे चार दिवस घरी नेऊ दिले. "लोक जावईसुद्धा इतका पारखून घेत नाहीत," हेही ऐकवलं.

चष्मेवाल्यांनी परीक्षा रीतसर घेतली. पीस स्पष्ट आलं की नाही, हे पक्ष्यावरून कसं ठरवणार? पक्षी हलतो. म्हणून त्यांनी डोळे तपासायचा अक्षरांचा पांढरा तक्ता आणला आणि अंतर तेच, उजेडही तोच मिळावा म्हणून घरट्यापासून वीतभर अंतरावर फांदीला बांधला. वाऱ्यानं तो फडफडे. दोन दिवस त्यांनी तक्त्याचेच फोटो काढले. सगळ्यात खालची बारीक ओळ कोणत्या कॅमेऱ्यात वाचता येते, ते भिंग लावून पाहिलं.

"तिचा एक तरी काढलात का?" बायकोनं आतून विचारलं.

"आधी कॅमेरा तर ठरू दे!"

तिसऱ्या दिवशी ठरला. तोच, दांडग्या झूमचा. किमतीच्या मानानं खरोखर सोनं. मग ते तक्ता सोडायला गेले. घरट्यात तीन अंडी होती, गार. मादी नव्हती. ते लांब स्टूल टाकून अंधार पडेपर्यंत बसले. दुसऱ्या दिवशीही बसले. ती आली नाही.

दोनशे फोटो धुंडाळल्यावर पहिल्या दिवशीच्या एकात, तक्त्याच्या डावीकडे, ती सापडली. घरट्यात बसलेली, मान वळवलेली. चष्मेवाल्यांनी तक्ता कापून टाकला, उरलेला फोटो मोठा करून घेतला आणि पलंगासमोर लावला.

"अगंबाई! किती टक लावून बघतेय," बायको म्हणाली. "कशाकडे हो?"

"असेल काहीतरी."

"पिल्लं निघाली की त्यांचाही काढा हं. आता कॅमेरा आहेच."

"आहे," चष्मेवाले म्हणाले.