नवे टायर मागे

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंबडला शाळेत वह्या तपासत बसले होते. सोमवार होता. पलीकडून वहिनी रडत होती आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो ‘कुणामुळे?’ माणसं आधी ‘कसं’ विचारतात. मी ‘कुणामुळे’ विचारलं. स्वभावच तसा, काय करणार... घनसावंगीच्या बाहेर, सोयाबीनच्या वावरातले ट्रॅक्टर जिथून सडकेवर येतात त्या वळणावर दादाची गाडी मागून घसरली, गर्रकन फिरली आणि बाभळीवर आदळली. समोरून कुणी आलं नव्हतं, वेगही फार नव्हता, असं मागून येणाऱ्या दूधवाल्यानं सांगितलं. मला त्या दूधवाल्याचाही संशय आला.

संशय आमच्या घरात सगळ्यांनाच. पण दादाचा संशय कामाचा, माझा नुसता बोलण्यापुरता. उत्तमदादा माझा थोरला भाऊ. उभा जन्म एसटी चालवली, निवृत्त झाल्यावर जुनी का होईना, स्वतःची चारचाकी घेतली. सकाळी गाडी थंड असतानाच हवा तपासायची, तीही स्वतःच्या मीटरनं. पंपावरच्या मीटरवर त्याचा काडीचा भरवसा नव्हता. टायरच्या खाचेत काडेपेटीची काडी उभी करून झीज मोजायचा. टायरच्या कडेला छापलेले बारीक आकडे चष्मा पुसून पुसून वाचायचा, कोणत्या साली बनला ते कळावं म्हणून. दुकानात पडून म्हातारा झालेला टायर लोक नवा म्हणून गळ्यात मारतात, असं त्याचं म्हणणं. वहिनी म्हणायची, “मला बघायला आल्ते तवा इतकं निरखून बघितलं न्हाई यांनी!”

मला गाडी त्यानंच शिकवली. “मोठ्या पावसाला भिऊ नको, तो सडक धुऊन नेतो. बुरबुरीला भी. ट्रॅक्टरनं आणलेली काळी माती अन् वरून बुरबुर, मंग सडकेवर साबण लावल्यावानी होतं. घसरली तर ब्रेक हाणायचा न्हाई. पाय उचल, स्टेअरिंग हलकं धर.” मी अर्थातच पहिल्याच खेपेला ब्रेक हाणला आणि गाडी चरात घातली. दादा उतरला, आधी चारी टायर बघून आला आणि मग माझ्याकडे वळून म्हणाला, “गाडी बराबर हाय. तू कशी हाईस?” मी आठ दिवस त्याच्याशी बोलले नव्हते.

असा माणूस टायर घसरून जातो, हे मला पटेना. त्यातून अपघाताच्या आदल्याच दिवशी गजाननच्या दुकानातून दोन नवे टायर बसवून आणलेले. मग दुसरं काय असणार? पुण्यानुमोदनाच्या दिवशी, वंदना संपून लोक जेवायला बसत होते तेव्हा, मी चारचौघांत मोठ्यानं बोलले : त्या टायरवाल्यानं माझ्या भावाला फसवलं, जुना माल घासूनपुसून लावला. गावाला तेवढं पुरलं. पुढच्या आठवड्यात जीपवाले त्याचं दुकान ओलांडून पुढच्या दुकानात हवा भरायला जायला लागले. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

तरी समाधान होईना. एक दिवस मोडकी गाडी बघायला गेले. पुढचे दोन्ही टायर कोरे करकरीत होते, रबराचे बारीक केससुद्धा अजून झडले नव्हते. म्हणजे माल खरा होता. मागचे मात्र गुळगुळीत. तशीच तडक गजाननच्या दुकानात गेले आणि विचारलं, “मागचे एवढे झिजलेत हे तेव्हाच का सांगितलं नाहीत? लक्षात येणार नाही म्हणून?”

गजाननच्या हातात पान्हा होता. तो त्यानं खाली ठेवला. “ताई, मागं मी नवेच टाकलेते. दादांनी सांगूनच ठेवलंतं, नवे मागं. पुढचं चाक घसरलं तर पाय उचलून माणूस सावरतो. मागचं सुटलं तर गाडी फिरते, मंग कुणाच्याच हातात न्हाई. तुम्ही गाडी न्यायला आल्त्या तवा म्हणल्या, नवे मागं कशाला लपवले? पुढं टाका, सगळे पुढंच टाकतात. मी म्हणलं दादाला फोन लावू का. तुम्ही म्हणल्या, मला शिकवू नका.”

म्हटलं होतं. अगदी याच शब्दांत... आमच्याकडे सगळे नवे टायर पुढंच टाकतात, पुढं इंजन, पुढं जोर, म्हणून. मला वाटलं होतं, हा काहीतरी दडवतोय. खुर्ची टाकून समोर बसले आणि उलटे बसवून घेतले.

पुढचं गजाननला ठाऊक नाही, मला एकटीलाच आहे. त्या रविवारी दादाचे गुडघे दुखत होते म्हणून गाडी आणायला मी गेले होते. परत येऊन चावी दिली, तेव्हा तो सवयीनं ओट्यावरून उठला, खाली वाकून बघायला. मग थांबला. “तू सोता उभी राहून बसवून घेतलेस ना? मंग मी काय बघू?” आणि परत बसला. आयुष्यभर कुणाच्या शब्दावर टायर न सोडणारा माणूस त्या दिवशी माझ्या शब्दावर बसून राहिला. अदलाबदलीचं मी बोलले नाही. वाद घालेल म्हणून. मला तर उलट अभिमान वाटत होता. दुसऱ्या दिवशी सकाळपासून बुरबुर होती आणि तो हवाही न तपासता तसाच निघाला. मागे नवे असते तर दादा वाचला असता का? कुणी सांगू शकत नाही. मला मात्र रोज सकाळी वाटतं, वाचला असता.

इथवर लिहिलं आणि परवा घनसावंगीला जाऊन वहिनीला वाचून दाखवलं. छापून आल्यावर तिला कळावं, हे बरं नव्हतं. ती ऐकत असताना माझ्याकडे बघत नव्हती. संपल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, “त्या माणसाला फोन लाव.” मी नंबर लावून फोन तिच्या हातात दिला.

“गजाननभाऊ, उत्तमरावांच्या घरून बोलून राह्यले. आमचं चुकलं, तुमच्यावर नाहक आळ घेतला. सगळ्यांम्होरं घेतला, सगळ्यांम्होरंच सांगू.” बाहेर माझी गाडी उभी होती, तिकडे तिनं पाहिलं. “आन् आमची नणंद आता गाडी घेऊन येऊन राह्यली. तिचे टायर बघा. नवे लागले तर मागं टाका. ती काहीबी म्हणू द्या, तिचं बिलकुल ऐकू नका.”