पाच व्होल्टचा ठराव

यंत्राला वीज लागते आणि समाजाला एकमत, असं आमच्या विहाराचे सचिव प्रत्येक बैठकीत सांगत. संरक्षण कारखान्याच्या तपासणी विभागातून ते निवृत्त झाले होते. एकमत म्हणजे त्यांचं मत, हे आमच्या घमापूर वस्तीत सगळ्यांना मान्य होतं.

विहारासाठी आम्ही पत्त्यांच्या जोडाएवढा संगणक घेतला होता. एकाच बोर्डावर सगळं, त्यालाच छोटा पडदा आणि स्पीकर. त्यात मावशीची जुनी गाणी कॅसेटवरून भरायचं काम माझ्याकडे आलं. माझी ही मावशी तीसेक वर्षं विहारात गायली. घशाच्या ऑपरेशननंतर तिचा आवाज कुजबुजीपुरता उरला. रविवारी ती अधारतालहून ऑटोनं येणार होती, स्वतःला ऐकायला.

पण कोरस चढला की संगणक बंद पडायचा. पडद्याच्या कोपऱ्यात विजेची पिवळी खूण यायची, म्हणजे पुरवठा अपुरा. मी मोबाइलचा चार्जर लावला होता, त्यावरून उपसमिती नेमली गेली.

राइट टाउनच्या दुकानातून तीन अडॅप्टर आले. सचिवांनी एकेक तळहातावर तोलला.

"हा घ्या. याच्यात वजन आहे."

"साहेब, वजनावर नाही घेत. पाच व्होल्ट, तीन अँपिअर पाहिजे."

"अच्छा? मग आम्ही पस्तीस वर्षं काय तोलून राहिलो होतो?"

वजनदार अडॅप्टर बारा व्होल्टचा निघाला. तो लावला असता तर संगणकाचा प्रश्न कायमचा मिटला असता. मी पाच व्होल्टचा उचलला. सचिवांनी मीटर लावून आकडा वहीत टिपला, 'पास' असा शेरा मारला, खाली सही केली. कोरस चढला आणि संगणक बंद पडला.

"काहून?" त्यांनी अडॅप्टरलाच विचारलं.

दोष वायरचा होता. संगणक मूर्तीशेजारी, पण तिथे तारा दिसू नयेत असा ठराव होता, म्हणून अडॅप्टर दाराशी आणि तिथून सतरंजीखालून चार मीटर बारीक वायर. व्होल्ट वाटेतच गळत होते. तपासणी दाराशीच झाली होती, तीही संगणक न जोडता. आखूड, जाड वायर लावायची तर अडॅप्टर मूर्तीशेजारी आणावा लागणार होता.

"लोक बुद्धाकडे पाहतील का तुमच्या तारांकडे?"

"लोक ऐकायला येऊन राहिले, साहेब."

मग त्यांनी वही मागवून ठराव बदलला.

रविवारी मावशी पुढच्या खुर्चीत बसली. कोरस चढला, संगणक चालत राहिला. तिसऱ्या कडव्याला तिचे ओठ हलू लागले. सचिवांनी डोळे मिटून घेतले. कोणी खोकलंसुद्धा नाही. आणि ओळीच्या मध्येच खट्ट होऊन गाणं थांबलं.

सगळे संगणकाकडे वळले. त्याचा दिवा जळत होता, पुरवठा चोख होता. कॅसेटची ती बाजूच तिथे संपली होती. भरताना ती उलटायच्या वेळी मी चहाला गेलो होतो.