आत्यांचं बोट आणि म्हाताऱ्या कुत्र्याची दाढ

आमच्या सासूबाईंच्या उजव्या हाताचं एक बोट कायम काळं असायचं. सकाळी उठल्यावर, जेवण झाल्यावर, कुणाशी भांडण झाल्यावर आणि ते मिटल्यावरसुद्धा त्या मिसरी लावायच्या. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरून डबीत भरायची आणि बोटानं दातांवर फिरवत निवांत बसायचं. लग्न होऊन जळकोटच्या या घरात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्या धुरानं मला ठसका लागला होता. सासूला आत्या म्हणायची आमच्याकडं पद्धत, म्हणून मीही आत्याच म्हणते. मिसरी सोडा म्हणून मी सांगून दमले, नवरा सांगून दमला, दातांचे डॉक्टर तर त्यांच्या हिरड्या बघून चक्क रागावले. आत्या सगळ्यांचं शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि मग डबी उघडायच्या.

घरात एक कुत्रा आहे. गावठी, बदामी, आता म्हातारा. पिल्लू असताना आत्यांनीच त्याला शेतातून पदरात गुंडाळून आणलं. नाव कुणी ठेवलंच नाही. आत्या त्याला ‘लेका’ म्हणतात आणि माझ्या नवऱ्यालाही तेच म्हणतात, त्यामुळं एक हाक मारली की दोघंही येतात. कुत्रा आधी येतो. त्याला दगड चघळायची खोड होती. अंगणात पडून तासन् तास एखादा गोटा असा कुरतडायचा, की बघणाऱ्याचे दात आंबावेत.

गेल्या उन्हाळ्यात त्याच्या डोळ्याखाली सूज आली. गांधीलमाशी चावली असं आम्ही ठरवून टाकलं, आणि माझ्या नवऱ्यानं मोठ्या उत्साहानं त्याच्या डोळ्यात थेंबही घातले. सूज फुटली, वाहिली, पुन्हा आली. तोंडाला इतका वास, की तो ओसरीवर आला की आम्ही आत जायचो. मग त्यानं भाकरी सोडली. तुकडा तोंडात घ्यायचा, एका बाजूला मान वाकडी करायचा आणि टाकून द्यायचा.

दुखणं डोळ्यात नाही, तोंडात आहे, हे फक्त आत्यांना कळलं.

“दात दुखून राहिलाय त्याचा,” त्या म्हणाल्या. “माझाबी असाच ठणकायचा. मिसरीनं बरं वाटतंय.”

आणि त्यांनी कुत्र्याला मिसरी लावायला सुरुवात केली. सकाळी न्हाणीजवळच्या दगडावर बसायचं, आधी स्वतःचे दात, मग त्याचे. “आ कर लेका,” म्हटलं की तो जबडा उघडायचा आणि आत्यांचं काळं बोट त्याच्या हिरड्यांवरून फिरायचं. शेजारच्या बायका बघायला यायच्या. मलाही हसू आवरायचं नाही. पण त्याची लाळ वाढली, तो ओकायला लागला, आणि एके दिवशी दूधसुद्धा तोंडातून बाहेर सांडून तो आत्यांकडं नुसता बघत उभा राहिला. त्या दिवशी आत्या जेवल्या नाहीत.

आमचे नेहमीचे जनावरांचे डॉक्टर भले गृहस्थ. त्यांनी तोंड बघून सांगितलं, की याच्या दाताचा एक्स-रे काढून बघावा लागेल, दात साफ करायचं मशीन लागेल, नांदेडला घेऊन जा. तिथल्या एका डॉक्टर बाई कुत्र्यामांजरांच्या दातांचं काम करतात. गाडी ठरवली तर चालवणारा म्हणाला, “कुत्र्याचा दात काढाया नांदेडला?” आत्या मागच्या सीटवर कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “तुझा दुखला की तुलाबी नेऊ.” मग त्यानं गाडी सुरू केली ती थेट नांदेडलाच थांबवली.

नांदेडच्या त्या डॉक्टर बाई वयानं माझ्याएवढ्याच असतील. टेबलावर चढवताच कुत्रा गुरगुरला. बाईंनी हात मागं घेतला, घाई केली नाही. “याच्या तोंडात कुणाला हात घालू देतो का हा?” त्यांनी विचारलं.

“मला देतो की,” आत्या म्हणाल्या आणि पुढं झाल्या. “आ कर लेका.”

त्यानं आ केला. आत्यांनी बोटानं ओठ वर सरकवला आणि डॉक्टर बाईंनी बॅटरी मारून आत पाहिलं. वरची मोठी दाढ फुटली होती, मुळाशी पू झाला होता, आणि तोच वर चढून डोळ्याखाली सुजत होता. बाकीच्या दातांवर पिवळा थर दगडासारखा बसला होता. पण बाई दाढेकडं बघायचं सोडून आत्यांच्या हाताकडं बघत होत्या.

“आजी, हे कसं काय शिकवलंत? इथं येणाऱ्या कुत्र्यांचे मालक मला म्हणतात, घास टाकताना बोटं मोजून घ्यावी लागतात.”

“शिकवायचं काय त्यात? रोज मिसरी लावते त्याला.”

मला वाटलं, झालं, आता बोलणी बसणार. पण डॉक्टर बाईंनी हातातली बॅटरी बाजूला ठेवली. मग स्टूल ओढून आत्यांच्या समोर बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “आजी, तंबाखू कुत्र्यांना विषासारखी असते. लाळ आणि उलट्या त्यानंच वाढल्या.”

आत्यांनी काळं बोट पदरात घेतलं. “मंजी म्याच इख घातलं व्हय लेकराला?”

“दाढ तुमच्यामुळं नाही फुटली. झिजलेल्या दातांवरून दिसतंय, ती दगड चघळून फुटली. मिसरी आजपासून बंद. पण तुमचं हे बोट बंद करू नका. माझ्याकडं सगळी औषधं आहेत, असं बोट नाही.”

एखाद्याची चूक त्याच्याच ओंजळीत परत देताना इतकी जपून दिलेली मी तरी पाहिली नव्हती. शाळेत इतकी वर्षं शिकवते आहे, पण अशा वेळी माझा आवाज आधी चढतो. त्या बाईंचा मला हेवा वाटला.

मग त्यांनी स्पष्टच सांगितलं. वय झालंय, भूल द्यायला लागणारच, रक्त तपासून जपून देऊ. पण अशी भूल पुन्हा पुन्हा झेपायची नाही. म्हणून आता जे दात राहतील ते रोज घासून सांभाळायचे. नाहीतर परत हेच होईल, आणि तेव्हा माझ्या हातात फारसं काही नसेल.

दाढ काढायला बराच वेळ लागला. तिला तीन मुळं होती, दाढेचे तुकडे करून एकेक मूळ सोडवावं लागलं. बाहेर बाकड्यावर आत्यांनी कनवटीची डबी काढली, झाकण उघडलं, आत बघितलं आणि झाकण लावलं. थोड्या वेळानं पुन्हा तसंच. एकदाही बोट आत गेलं नाही. शेवटी डॉक्टर बाई घामेजलेल्या चेहऱ्यानं बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “आजी, या. उठतोय तो. पहिल्यांदा तुम्ही दिसायला पाहिजे त्याला.”

घरी आल्यावर तो वरणात कुस्करलेली भाकरी खायला लागला. सूज गेली, वास गेला. आम्हाला वाटलं, सुटलो. हिरडी भरून आल्यावर बाईंनी फोन करून घासायला सुरुवात करायला सांगितलं. बोटाला गुंडाळायचं मऊ फडकं आणि कुत्र्यांची पेस्ट त्यांनी आधीच दिली होती. पेस्टला कोंबडीचा वास. आत्या सोमवार पाळणाऱ्या, पण सोमवारीही त्यांनी नाक मुरडलं नाही.

आत्या दगडावर बसल्या. “आ कर लेका.”

कुत्र्यानं त्यांचं बोट हुंगलं आणि तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशीही तेच. मी प्रयत्न केला तर गुरगुरला, माझ्या नवऱ्याला तर त्यानं जवळच येऊ दिलं नाही. आत्यांनी उजवा हात साबणानं धुतला, राखेनं घासला, लिंबू चोळलं. मग डावा हात पुढं केला. तो हुंगायचा आणि सरळ मोटारसायकलच्या सावलीत जाऊन झोपायचा. कुत्र्याच्या मनातलं मी काय सांगणार? पण मला वाटतं, त्याच्या लेखी त्या वासात सगळंच होतं, ठणका, ओकाऱ्या, नांदेडची सुई. आत्या स्वतः अजून मिसरी लावतच होत्या, त्यामुळं वास काही नुसता बोटाला नव्हता. आत्यांच्या तोंडाला होता, पदराला होता.

मी हे आत्यांना बोलले नाही. बोलायची गरज पडली नाही. एका सकाळी मिसरीची डबी चुलीशेजारी दिसली, धुऊन पालथी घातलेली.

पुढचे दिवस कसे गेले ते आमच्या घरालाच ठाऊक. आत्यांचं डोकं दुखायचं, रात्री झोप लागायची नाही. वरणात मीठ जास्त झालं म्हणून माझ्यावर खेकसल्या, दुसऱ्या दिवशी कमी झालं म्हणून खेकसल्या. मीही काही गरीब गाय नाही, मीही तोंडाला तोंड दिलं. पण रात्री नवऱ्याला म्हणाले, की या बाईला आता कुणी काही बोलायचं नाही. जे आम्हाला आणि डॉक्टरांना जमलं नाही ते ही बाई एका मुक्या जनावरासाठी करत होती. आणि त्याची वाच्यता कुठंही नाही. शेजारणीनं मिसरी विचारली तर “संपली” एवढंच म्हणायच्या. त्या दिवसांत मला आत्या जितक्या आवडल्या तितक्या आधी कधीच आवडल्या नव्हत्या.

एका सकाळी मी न्हाणीजवळ भांडी घासत होते. आत्यांचा पदर नुकताच धुतलेला, बोटाला फडकं. आत्या दगडावर बसल्या आणि त्यांनी कुत्र्याला बोलावलं. तो आला, बोट हुंगलं, आणि जरा अंतरावर उभा राहिला. निघूनही जाईना, जवळही येईना.

आत्या दगडावरून उतरून त्याच्यासमोर जमिनीवर बसल्या. गुडघे दुखतात म्हणून देवासमोरही न वाकणारी बाई. त्यांनी मान खाली केली, त्याच्या नाकापाशी आपलं तोंड नेलं आणि मोठा आ केला.

“घे, हुंग. हाय का वास? न्हाई ना? सोडली म्या.”

त्यानं हुंगलं. बराच वेळ हुंगलं. मग त्यांच्या हनुवटीला जीभ लावली. माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं.

“आता तुझं दाखव,” आत्या म्हणाल्या.

आणि त्यानं तोंड उघडलं.