वेलाले आधी आधार

"वेलाले आधी आधार, मंग पाणी," असं देवमन इंगळे कोणत्याही कामाच्या सुरुवातीला म्हणायचा. त्याचा बाप अंजनगाव सुर्जीच्या पानमळ्यात मजूर होता. नागवेलीचे कोंब आधाराला बांधता बांधताच देवमनचं बालपण सरलं. पुढं तीस वर्षं तो अकोल्यात एका प्रयोगशाळेत परिचर होता. फ्रीजमधल्या कोणत्या बाटलीत किती उरलं, हे त्याला न पाहता ठाऊक असे. आमच्या मातीत अशी माणसं निपजतात, हे मी छाती काढून सांगतो.

तिथं संशोधक प्रियदर्शनी तायडे बाळाच्या नाळेतून काढलेल्या मूळ पेशी वाढवत होती. पूर्वी या पेशींच्या खाण्यात वासराच्या रक्तातलं सीरम असायचं. पण पेशी माणसाला द्यायच्या, तर जनावराचं काही नको. म्हणून तिनं सीरम सोडून नवं द्रावण आणलं. गोठवलेल्या पेशींच्या तीन कुप्यांपैकी दोन त्यात वाया गेल्या. तिसरी, शेवटची, काल उघडली होती. तीही गेली तर दोन वर्षांचं काम मातीत.

सकाळी तिनं सूक्ष्मदर्शकात पाहिलं. पेशींनी फ्लास्कचा तळ धरलाच नव्हता. गोल होऊन तरंगत होत्या. ती उठली आणि फ्लास्क घेऊन कचऱ्याच्या डब्याकडं निघाली.

"काहून फेकता, मॅडम? मेल्या का?"

"धरतच नाहीत, काका. काय करू?"

"आधार काय देला त्याईले?"

"हा पानमळा नाही, काका!"

"तेच तं. पानमळ्यात आमी इसरत नाही." देवमननं फ्रीजमधून एक बारकी बाटली काढली. "नव्या औषधासंगं आली होती. दर सोमवारी पुसतो मी तिले. सील तसंच हाय."

ती बघतच राहिली. तळाला द्यायचा लेप होता तो. चिकटवायचा गुण आजवर सीरममध्येच होता, त्यामुळं लेपाची सवय तिथं कुणालाच नव्हती. सीरम सुटलं, तसा आधारही सुटला होता.

थेंबभर पेशी तिनं निळ्या रंगात घालून पाहिल्या. मेलेली पेशी निळी होते. बहुतेक निळ्या झाल्या नाहीत. मग नव्या फ्लास्कला लेप दिला, दोन तास थांबली, आणि पेशी त्यात सोडल्या. देवमन बाहेर बाकावर बसून राहिला. त्याच्या नोकरीचा तो शेवटचा दिवस होता.

चार वाजता तिनं त्याला आत बोलावलं. तीस वर्षांत पहिल्यांदा तो त्या भिंगाला डोळा लावत होता. पेशी तळाला बिलगल्या होत्या, काही तर लांबट होऊन पसरू लागल्या होत्या.

"धरलं," तो हळूच म्हणाला.

"काका, आधी काहून नाही बोलले?" ती हसत हसत डोळे पुसत होती.

"धरत नाही म्हनून तुमी कवा सांगतलं? मले तं आज तुमी फेकाले निघाल्या तवा समजलं."

पिशवी खांद्याला अडकवून तो जठारपेठेच्या दिशेनं चालू लागला. त्याची चाल आधीच सावकाश, आज आणखीच. प्रियदर्शनी दारात उभी होती. हातमोजे काढायचं तिला सुचलंच नाही. तो वळणाआड जाईपर्यंत ती पाहत राहिली.